उदास सिंथ-पॉप आणि गडद इलेक्ट्रॉनिक संगीत: नवं शोधायचं कसं

डेपेश मोड ऐकून झालं, न्यू ऑर्डर झालं, मोल्चात दोमाचं ते गाजलेलं गाणं रीलमधून सगळ्यांच्या कानावर पडलं. त्यानंतर ॲप पुन्हा तीच दहा-बारा नावं फिरवून फिरवून समोर आणतं. यात तुमची चूक काही नाही. ॲपचा हिशोब सोपा आहे: ज्यांनी हे ऐकलं त्यांनी आणखी काय ऐकलं? मोठी नावं सगळ्यांच्याच यादीत असतात, त्यामुळे कुठूनही निघालात तरी गाडी शेवटी त्याच स्टेशनात येते. तीनशे-चारशे श्रोते असलेला अथेन्सचा किंवा साओ पाउलोचा बँड या हिशोबात वर येणं कठीणच.

छोट्या बँडपर्यंत पोचायचं तर रेकॉर्डवर छापलेली नावं वाचायला लागतात: लेबल (म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी), निर्माता, आणि ती रेकॉर्ड विकत घेणारी माणसं. बाकीचा लेख बहुतेक त्याबद्दलच आहे. आठवड्याला दोन तास पुरतात.

आधी उदासी कुठली ते ठरवा

'सॅड सिंथ' (सिंथ म्हणजे सिंथेसायझर) असं टाकून शोधलंत तर हाती काहीही लागतं. मराठीत उदासीला शब्दांची कमतरता नाही, ते इथे कामाला येतात.

हुरहूर लावणारं हवंय का? सूर गोड, ताल नाचता येईल असा, पण गाणारा कुठेतरी मागे राहून गेलेला. हे सिंथ-पॉप. न्यू ऑर्डर, क्रोमॅटिक्स, सॉल्ट लेक सिटीचा चॉयर बॉय या वळणाचे.

भकास हवंय? ड्रम मशीन कोरडं, सिंथ पातळ, आवाज दुपारच्या रिकाम्या सरकारी इमारतीतून आल्यासारखा. हे कोल्डवेव्ह आणि मिनिमल वेव्ह. मार्सेचा मार्टिन द्युपाँ, मिन्स्कचा मोल्चात दोमा. त्यांच्या 'एताझी' (२०१८) या अल्बमच्या मुखपृष्ठावर काँक्रीटचं थोरलं हॉटेल आहे. आतलं संगीतही तसंच.

विषण्ण, धुक्यात बुडालेलं हवं असेल तर डार्कवेव्ह. गिटारवर आणि आवाजावर भरपूर रिव्हर्ब (घुमारा), गाणारा बहुधा खर्जात. क्लॅन ऑफ झायमॉक्स, ड्रॅब मॅजेस्टी, तुर्की भाषेत गाणारा शी पास्ट अवे.

आणि आतल्या आत धुमसणारं, घामट, क्लबमधलं हवं असेल तर ईबीएम, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बॉडी म्युझिक. नित्झर एब हे जुनं नाव. बॉय हार्शर या अमेरिकी जोडीचा 'केअरफुल' (२०१९) ईबीएम आणि डार्कवेव्ह यांच्या सीमेवर बसतो.

एक घोळ इथेच निस्तरून टाकू. डार्कसिंथ आणि डार्कवेव्ह हे वेगवेगळे प्रकार आहेत. डार्कसिंथ म्हणजे पर्ट्युरबेटर, कार्पेंटर ब्रूट यांचं भयपटासारखं, बहुतेक बिनशब्दांचं, कर्कश संगीत. दोन्हींना 'डार्क' आणि 'सिंथ' हे शब्द लागतात, म्हणून तयार प्लेलिस्टमध्ये त्यांची खिचडी होते आणि हुरहूर शोधणाऱ्याच्या कानात करवत चालते. तिसऱ्या गाण्यालाच करवत लागली तर ती प्लेलिस्ट सोडा. बनवणाऱ्याला फरक कळलेला नाही, पुढेही कळणार नाही.

ज्यांना थोडंफार पेटीवर वाजवता येतं त्यांच्यासाठी आणखी एक खूण. या संगीतातली बरीच गाणी ज्या मायनर स्केलमध्ये असतात ती म्हणजे आपला आसावरी थाट: ग, ध, नी कोमल. बेसचा सूर धरा, त्याला सा माना आणि ऐका. रे शुद्ध असेल तर गाणं हुरहुरीकडे झुकतं. बेस सा वरून लगेच शेजारच्या कोमल रे वर घसरत असेल तर भैरवीचं सप्तक झालं. ही चाल ईबीएम आणि गडद टेक्नोत वारंवार येते आणि कानाला धोक्याची वाटते. राग शोधत बसू नका, इथे राग नाहीये. पण आपल्याला नेमकं काय ओढतंय ते पाच गाण्यांत समजतं.

लयही मोजून ठेवा. १५ सेकंदांत किती ठोके पडले ते मोजा, चारने गुणा. उदास सिंथ-पॉप साधारण १०० ते १२५ मध्ये असतं. आवडलेली सगळी गाणी ११० च्या खाली निघाली तर क्लबवाल्या लेबलांवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

तयारी: खातं, कान, वही

घरातल्या सगळ्यांचं मिळून एकच खातं असेल तर आधी ते वेगळं करा. गणपतीचे दहा दिवस त्याच खात्यावर आरत्या वाजल्या, मग पुतण्याने बालगीतं लावली, की सूचनांचा पुढचा महिनाभर बोजवारा. वेगळं खातं जमत नसेल तर स्पॉटिफायमध्ये प्लेलिस्टच्या तीन टिंबांखाली ती तुमच्या आवडीच्या हिशोबातून वगळण्याची सोय आहे. पाहुणे आले असतील तेव्हा प्रायव्हेट सेशन सुरू करा.

ऐकण्यासाठी दीड-दोन हजारांचे तारवाले इन-इअर पुरतात. कानात बसणाऱ्या रबरी टोप्या मात्र योग्य मापाच्या हव्यात. टोपी सैल असेल तर फटीतून बेस निसटतो, आणि या संगीतातून बेस गेला की टिकटिक तेवढी उरते. डब्यात तीन मापं येतात, तिन्ही लावून बघा. डाव्या-उजव्या कानाला वेगळं माप लागणं अगदी नेहमीचं आहे. फोनच्या स्पीकरवर ऐकून कुठलंही गाणं नापास करू नका, खालचा बेस तो देऊच शकत नाही.

वही म्हणजे फोनमधली साधी स्प्रेडशीट. रकाने सहा: तारीख, बँड, गाणं, लेबल, कुठून मिळालं, ठेवलं की सोडलं. 'कुठून मिळालं' हा रकाना कंटाळा करून रिकामा सोडला जातो, आणि नेमका तोच महत्त्वाचा. तो का, ते शेवटी येईल.

या लेखातली नावं देवनागरीत आहेत, शोधताना मूळ लिपीत टाकावी लागतील. डार्कवेव्ह आणि कोल्डवेव्ह हे इंग्रजीत जोडून एकच शब्द. मिनिमल वेव्ह सुटं. डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या कोशात सिंथ-पॉपमध्ये आडवी रेघ लागते, रेट युअर म्युझिक या श्रोत्यांनी अल्बमना गुण देण्याच्या साइटवर लागत नाही. रशियन बँडची नावं रोमनमध्ये तीन-चार तऱ्हांनी लिहिली जातात, म्हणून त्यांच्या अधिकृत पानावरून रशियन लिपीतलं नाव उचलून तेच शोधखिडकीत चिकटवा. निकाल एकदम वेगळे येतात: छोट्या मैफिलींचे व्हिडिओ, जुनी डेमो, शेजारच्या गावातले बँड.

रेकॉर्डची पाठ वाचा

एका ओळखीच्या अल्बमवर हे करून बघू. डिस्कॉग्ज उघडा. हा रेकॉर्डचा सार्वजनिक कोश आहे, २००० पासून चालू आहे आणि वापरायला फुकट. डेपेश मोडचा 'व्हायोलेटर' (१९९०) शोधा. यादीत शेकडो आवृत्त्या दिसतील, त्यातली जुनी युरोपातली एक निवडा. पुनर्मुद्रणांच्या पानांवर श्रेयनामावली कधीकधी अर्धवट भरलेली असते. खाली स्क्रोल केलं की नावं येतात.

निर्माता म्हणून बँडसोबत फ्लड हे नाव आहे. त्यावर दाबलं की त्याने केलेली सगळी कामं उघडतात. वर्षानुसार लावून १९८७ ते १९९१ एवढाच पट्टा बघा. नित्झर एबचा 'बिलीफ' (१९८९) दिसेल, नाइन इंच नेल्सचा पहिला अल्बम दिसेल. म्हणजे 'व्हायोलेटर'मधला तो दाबून धरलेला, धातूसारखा ठोका तुम्हाला आवडत असेल तर पुढची वाट ईबीएमकडे जाते.

त्याच पानावर मिक्सिंगमध्ये फ्रान्स्वा केव्होर्कियन हे नाव आहे. त्याच्यामागे गेलात तर क्राफ्टवर्कचा 'इलेक्ट्रिक कॅफे' (१९८६) लागतो: जास्त स्वच्छ, जास्त यांत्रिक, मोकळ्या जागा असलेला आवाज. एकाच पाठीवर दोन वाटा, आणि दोन्ही ॲपच्या 'रेडिओ'त सहसा सापडत नाहीत.

कुठली नावं धरायची आणि कुठली सोडायची? निर्माता धरा. मिक्सिंग धरा. सिंथ प्रोग्रामिंग वेगळं छापलं असेल तर ते नक्की धरा. मास्टरिंग (छापण्याआधी आवाजावरचा शेवटचा हात) करणाऱ्याच्या मागे जाऊ नका, त्याच्याकडे सकाळी जॅझ असतं आणि संध्याकाळी हेवी मेटल, वाट कुठेच जात नाही. 'थँक्स'ची यादी मात्र, विशेषतः छोट्या बँडची, सोन्यासारखी असते. ज्यांच्यासोबत दौरे केले त्या बँडची नावं तिथेच सापडतात.

डिस्कॉग्जच्या पानावर 'हॅव' आणि 'वाँट' असे दोन आकडे असतात. ऐंशीच्या दशकातली एखादी कॅसेट ४० जणांकडे आहे आणि ६०० जणांना हवी आहे, असं दिसलं तर थांबा आणि ऐका. बऱ्याच पानांवर व्हिडिओ जोडलेले असतात, तिथल्या तिथे ऐकता येतं. शोधताना स्टाइलमध्ये 'डार्कवेव्ह' किंवा 'कोल्डवेव्ह', मग देश, मग दशक अशी गाळणी लावा. बेल्जियम आणि १९८० चं दशक एवढं लावलं तरी महिनाभराची बेगमी होते.

लेबल म्हणजे कुणाचातरी कान

मोठ्या कंपनीच्या लेबलवरून काहीच कळत नाही. छोट्या लेबलमागे एक-दोन माणसं असतात आणि त्यांचा कान ठरलेला असतो. त्यांचं एक प्रकाशन आवडलं तर पाचातली दोन तरी आवडतात.

ग्रीसमधलं फाब्रिका रेकॉर्ड्स घ्या. लेबनॉन हॅनोव्हर आवडतो, त्याच्या अल्बमवर फाब्रिका हे नाव आहे. लेबलचं पान उघडलं की शी पास्ट अवे सापडतो, आणि सेलोफान ही अथेन्सची जोडी, जी हे लेबल चालवते. इंग्रजी, तुर्की, ग्रीक, जर्मन अशी भाषांची सरमिसळ, पण आवाजाची जात एकच. एका नावावरून तीन बँड, वेळ दहा मिनिटं.

आणखी काही लेबलं, त्यांच्या स्वभावासकट. डेइस, लॉस एंजेलिस: ड्रॅब मॅजेस्टी आणि चॉयर बॉय यांचं घर, हुरहूर आणि धुकं दोन्ही. सेक्रेड बोन्स, ब्रुकलिन: २००७ पासून, मोल्चात दोमाही इथेच आले, पण इथे गिटारवालं आणि प्रायोगिकही बरंच असतं, तेव्हा सगळं ऐकायला जाऊ नका. इटालियन्स डू इट बेटर: क्रोमॅटिक्सवालं, रात्रीच्या रिकाम्या रस्त्याचं सिंथ-पॉप.

जुनं खणून काढणारी दोन लेबलं तर लागतातच. न्यूयॉर्कचं मिनिमल वेव्ह व्हेरोनिका वासिका यांनी २००५ मध्ये सुरू केलं, सॅन फ्रान्सिस्कोचं डार्क एन्ट्रीज जॉश चेऑन यांनी २००९ मध्ये. घरगुती स्टुडिओत बनून शे-दोनशे प्रतींत विकलेल्या ऐंशीच्या दशकातल्या कॅसेटी शोधायच्या, मूळ माणसं गाठायची, नव्याने छापायच्या, हे यांचं काम. आपल्या दृष्टीने हेही 'नवं'च. यांच्या संकलनांपासून सुरुवात करा, कारण संकलनात प्रत्येक बँडचं एकेक गाणं असतं आणि नावडलेलं सोडून देणं सोपं जातं. फ्रेंच बाजूने जायचं असेल तर 'बिप्प' (२००६) हे १९७९ ते १९८५ मधल्या फ्रेंच सिंथवेव्हचं संकलन.

पुनर्मुद्रणाचं जवळचं उदाहरण मुंबईचंच आहे. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडचे ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही तिन्ही यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. रेकॉर्ड चालली नाही, विस्मरणात गेली, आणि २०१० मध्ये पुन्हा छापल्यावर जगभरचे लोक ऐकून चाट पडले. ती उदास नाही, भलतीच टवटवीत आहे. पण जी यंत्रं मँचेस्टर-शेफिल्डमध्ये वाजत होती ती तेव्हा इथेही आलेली होती, एवढं तीवरून कळतं.

खरेदी करणाऱ्यांच्या कपाटात डोकवा

सगळ्यांत फलदायी जागा ही. बँडकॅम्प ही बँड आणि लेबलं आपलं संगीत थेट विकतात ती साइट. तिथे कुठल्याही अल्बमच्या पानावर मुखपृष्ठाखाली छोट्या चौकोनी चित्रांची रांग असते. ती पैसे देऊन अल्बम घेतलेल्या लोकांची. हे फोनच्या ॲपपेक्षा संगणकावरच्या ब्राउझरमध्ये करा, पटापट होतं.

ज्याच्यावर मनापासून जीव आहे असा, पण फार प्रसिद्ध नसलेला अल्बम निवडा. प्रसिद्ध अल्बम सगळेच घेतात, त्यावरून आवड कळत नाही. रांगेतल्या एकेका चित्रावर दाबून त्या माणसाचा संग्रह नव्या टॅबमध्ये उघडा. काहींनी एक-दोन ओळींचा अभिप्राय लिहिलेला असतो आणि आवडतं गाणं सांगितलेलं असतं. त्यांना आधी उघडा.

संग्रहाचा आकडा बघा. २० अल्बमवाला तुम्हाला काही नवं देणार नाही. ५,००० वाला सगळंच घेतो, त्याची आवड कळत नाही. १५० ते ६०० मधला माणूस धरा. त्याच्या संग्रहात तुमच्या ओळखीचे किमान चार अल्बम निघाले तर तो आपला. असे तीन जण शोधा आणि तिघांकडेही असलेला, पण तुम्ही कधी न ऐकलेला अल्बम हुडका. तिघांत समान असलेला अल्बम फुकट गेला असं क्वचितच होतं. मग तिघांना फॉलो करा. ते पुढे जे घेतील ते तुमच्या फीडमध्ये येत राहतं.

टॅगनेही शोधता येतं, पण टॅग बँड स्वतःच लावतात आणि हात आखडता घेत नाहीत. नुसत्या 'डार्कवेव्ह' टॅगखाली गिटार रॉकपासून ध्यानधारणेच्या संगीतापर्यंत सगळं सापडतं. टॅगसोबत शहर जोडा: डार्कवेव्ह आणि अथेन्स, कोल्डवेव्ह आणि मिन्स्क, इलेक्ट्रॉनिक आणि मुंबई. क्रम 'नवीन आधी' ठेवा.

मधेच गाणं थांबून खरेदी करण्याची पाटी आली तर बिघाड समजू नका. बँडला फुकट ऐकण्याची मर्यादा ठरवता येते, ती संपलेली असते.

रेडिओ आणि याद्या, थोडक्यात

सोमाएफएम हा सॅन फ्रान्सिस्कोचा, श्रोत्यांच्या देणगीवर चालणारा, जाहिराती नसलेला इंटरनेट रेडिओ. त्यातलं 'अंडरग्राउंड एटीज' हे केंद्र जुन्या ब्रिटिश सिंथ-पॉपसाठी लावून ठेवायला उत्तम. १२८ केबीपीएसवर तासाला सुमारे ५८ एमबी डेटा जातो, म्हणजे रोजच्या पॅकमध्ये सहज बसतं. वाजून गेलेल्या गाण्यांची यादी वेबसाइटवर असते. लंडनचं एनटीएस याहून जास्त धाडसी; त्याचे जुने कार्यक्रम गाण्यांच्या यादीसकट साठवलेले असतात, त्यामुळे वेळ जुळवत बसायला नको.

रेट युअर म्युझिकवर चार्ट बनवताना प्रकार डार्कवेव्ह, वर्णनात 'मेलँकॉलिक', आणि वर्षं गेली पाच-सहा असं लावा. पहिली वीस नावं सगळीकडे दिसतातच, ती ओलांडून पुढे जा. लास्ट.एफएम या ऐकलेल्या गाण्यांची नोंद ठेवणाऱ्या साइटवर 'सिमिलर आर्टिस्ट्स'मध्ये ५ ते ५० हजार श्रोते असलेलीच नावं उघडा.

हल्ली एक नवी पीडा आहे: यंत्राने बनवलेली गाणी. मूड-प्लेलिस्टमध्ये ती सर्रास घुसतात, आणि 'उदास सिंथ' हा प्रकार त्यांना फारच सोयीचा, कारण आवाज आधीच यंत्राचा असतो. ओळखायचं असं: गाणाऱ्याचं किंवा वाजवणाऱ्याचं एकही नाव कुठे नाही, सहा महिन्यांत आठ अल्बम, एकही मैफल झालेली नाही, डिस्कॉग्जवर पान नाही, मुखपृष्ठं सगळी एकाच साच्यातली. यातली एखादीच खूण असेल तर संशयाचा फायदा द्या, नवख्या बँडचंही कधीकधी असंच असतं. चार जुळल्या तर सोडा.

चाळणी: लोकलमध्ये काय, रात्री काय

आठवड्याला नवी २० गाणी घ्या, त्याहून जास्त नको. शंभर साठवली की दुसऱ्या शनिवारी यादीकडे बघवत नाही.

बोरिवली ते चर्चगेट फास्टने साधारण तासाभराचा प्रवास, चार मिनिटांची बारा-चौदा गाणी त्यात बसतात. गाणी आदल्या रात्री वायफायवर उतरवून घ्या. गर्दीच्या वेळी नेट रडतं आणि भुयारी मेट्रोत तर रेंजचा भरवसा नाही. अर्ध्यावर अडकत ऐकलेलं गाणं मनातून उतरतं, आणि त्यात गाण्याचा काही दोष नसतो.

लोकलमध्ये निकाल मात्र देऊ नका. गाडीचा घरघराट खालच्या पट्टीचा असतो आणि नेमका त्याच पट्टीतला बेस तो झाकून टाकतो. हळू उमलणारे, पॅड म्हणतात ते सूरही त्यात विरून जातात. ऐकू येतं ते वरचं टोकदार सिंथ आणि टाळी. परिणामी भडक गाणं पास होतं आणि खोल गाणं नापास. आवाज वाढवून उपयोग नाही, कान तेवढे दुखतात. म्हणून प्रवासात फक्त खुणा करा: 'पुन्हा ऐकायचं' किंवा 'नक्की नको'. नक्की नको म्हणजे आवाजच सहन होत नाही असं; 'काही विशेष नाही' हे लोकलमध्ये कारण धरू नका.

खुणा केलेली आठ-दहा गाणी त्याच आठवड्यात एकदा रात्री घरी, पंखा बारीक करून, पहिल्या सेकंदापासून ऐका. या संगीतात तीस-चाळीस सेकंदांचा बिनशब्दांचा प्रवेश नेहमीचा असतो. ड्रम मशीन आधी, मग बेस, मग सिंथ, आणि आवाज कधी कधी दुसऱ्या मिनिटाला. रील बघण्याची सवय लागलेला अंगठा पंधराव्या सेकंदाला गाणं ढकलतो. किमान दोन मिनिटं थांबा. दोन गाण्यांची तुलना करताना आवाज सारखा ठेवा, कारण जे थोडं मोठ्याने वाजतं ते कानाला उगाचच चांगलं वाटतं.

वीसातून दोन-तीन राहिली तर आठवडा छान गेला. एकही राहिलं नाही असंही होतं.

गाण्याची भाषा कळत नाही ही अडचण मानू नका, पण आवडलेल्या गाण्याचा अर्थ नंतर जरूर बघा. मोल्चात दोमाच्या त्या गाजलेल्या गाण्याचे शब्द बोरिस रिझी या रशियन कवीच्या कवितेतले आहेत, आणि रीलमध्ये लोक त्यावर नवे कपडे दाखवत होते.

विकत घेणं: कार्ड, शुक्रवार, पार्सल

बँडकॅम्पवर डिजिटल अल्बम बहुधा ७ ते १० डॉलरला असतो. यूपीआय तिथे चालत नाही. कार्ड नाकारलं जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे परदेशी ऑनलाइन व्यवहार बंद असणं. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर २०२० पासून नवी कार्डं सुरुवातीला देशातल्या व्यवहारांपुरतीच चालू असतात. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये 'इंटरनॅशनल ऑनलाइन' चालू करा, मर्यादा दोन हजार ठेवा, खरेदी झाली की पुन्हा बंद करा. परकीय चलनाचा आकार सहसा २ ते ३.५ टक्के आणि त्यावर जीएसटी, तेवढे पैसे वरून जातात.

बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेतं. मार्च २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी ते हा वाटा सोडतं, त्याला बँडकॅम्प फ्रायडे म्हणतात. हा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने चालतो. आपल्याकडे तो शुक्रवारी दुपारी साडेबाराला सुरू होऊन शनिवारी दुपारी साडेबाराला संपतो. त्यांच्या हिवाळ्यात दीड ते दीड. शुक्रवारी सकाळी कामावर निघण्यापूर्वी घाईने खरेदी केलीत तर नेमका तो वाटा कापला जाणार. छोटी लेबलं त्या दिवशी नवं काही बाहेर काढतात, म्हणून शनिवारी सकाळी फीड बघायला विसरू नका.

उतरवताना संगणकावर फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणारी फाइल) आणि फोनवर ३२० चं एमपी३ घ्या. ४५ मिनिटांचा अल्बम एमपी३मध्ये साधारण १०८ एमबी होतो, फ्लॅकमध्ये याच्या दोन-तीन पट. ट्रेनमध्ये फरक कळत नाही.

रेकॉर्ड मागवायची असेल तर टपालखर्च कधीकधी रेकॉर्डइतकाच पडतो आणि वर कस्टम ड्युटी लागू शकते. एकाच लेबलकडून तीन-चार एकत्र मागवल्या तर टपालखर्च वाटला जातो. मित्रांत मिळून मागवा. आणि जूनमध्ये मागवू नका. पावसात भिजलेला पुठ्ठा परत सरळ होत नाही.

मुंबईत काय हाती लागतं

खरं सांगायचं तर दुकानांत फारसं नाही. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं. माहीमच्या रिव्हॉल्व्हर क्लबात नव्या रेकॉर्ड मिळतात. चोरबाजारात मटन स्ट्रीटला ढीग आहेत ते मुख्यतः हिंदी चित्रपटांचे. त्यात ऐंशीच्या दशकातलं भारतात छापलेलं इंग्रजी पॉप मधूनच निघतं. तिथे रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून बघा: केसासारख्या बारीक रेघा चालतात, नखाला लागणारी चर चालत नाही, पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. बुरशी धुवून जाते, पण ते कव्हर घरात आणू नका, तिथून ती शेजारच्या रेकॉर्डला लागते.

मैफिलींच्या जाहिरातीत 'डार्कवेव्ह' हा शब्द शोधून काही मिळणार नाही. 'इंडी डान्स', 'डार्क डिस्को', 'लाइव्ह इलेक्ट्रॉनिक' असं लिहिलेलं असतं. डीजेचं नाव दिसलं की तिकीट काढण्याआधी त्याचे जुने सेट ऐका. वीस मिनिटांत कळतं. इथल्या बँडमध्ये स्काय रॅबिट आणि त्यातल्याच रक्षित तिवारी यांचं युअर चिन, एवढ्यापासून सुरुवात करा.

आठ आठवड्यांनी वही उघडा

आठ आठवड्यांत १६० गाण्यांची नोंद झालेली असेल. 'कुठून मिळालं' या रकान्याप्रमाणे लावा आणि प्रत्येक वाटेने आलेल्यांपैकी किती ठेवली ते मोजा. ॲपच्या सूचनेतून ४० आली आणि एक राहिलं, बँडकॅम्पवरच्या एकाच अनोळखी माणसाच्या कपाटातून १२ आली आणि पाच राहिली, अशा तऱ्हेचं काहीतरी दिसतं. दहाला एकही न देणारी वाट बंद करा, तिचा वेळ दुसऱ्या वाटेला द्या. लेबलच्या रकान्यात एकच नाव तीनदा आलं असेल तर त्या लेबलची पहिल्यापासूनची सगळी प्रकाशनं वर्षानुसार ऐकायला घ्या, एका आठवड्याला दोन. 'सोडलं' मधली, फक्त लोकलमध्ये ऐकलेली गाणी वेगळी काढा आणि एखाद्या रविवारी रात्री अकरानंतर, गल्लीतले हॉर्न थांबले की, परत लावा.